प्रमाणहस्त

मिरजेच्या विलंबमापन केंद्रात एप्रिल महिन्यातही स्वेटर घालून बसणारा माणूस एकच होता. तो नेमका केंद्राचा संचालक असल्यामुळे प्रयोगशाळेतला एसी बंद ठेवण्याची शिक्षा बाकी सगळ्यांना भोगावी लागे. डॉ. भरतेश आरवाड्यांना हल्ली गारठा सोसत नसे. त्यांच्या सहकारी हेमा कोरे मानेवरचा घाम पुसत म्हणत, की सरांना सूर्यावर पाठवलं तर तिथेही ते आधी खिडकी लावून घेतील. यावर आरवाडे हसत, पण विनोद होऊन गेल्यावर जरा वेळाने.

केंद्राचं काम बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो चेष्टा समजे. तिथे लढतकाठ्यांचा उशीर मोजला जाई. लढतकाठी म्हणजे पाटाएवढी लाकडी पेटी. डाव्या हाताला एक दांडी, उजव्या हाताला आठ बटणं. ती मांडीवर घेऊन पडद्यावरच्या पहिलवानाला लढवायचं. बटण दाबल्यापासून पडद्यावर गुद्दा दिसेपर्यंत जो वेळ जातो तो विलंब. खेळाडू त्याला सरळ लॅग म्हणत. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचा. पापणी लवायलासुद्धा असे शंभरावर भाग लागतात, पण या खेळात दहा-वीस भागांवर अजिंक्यपदं इकडची तिकडे झाली होती. हे केंद्र मिरजेला असण्याचं कारण लाकूड. सतारीचं लाकूड तासणाऱ्या हातांनीच गावात काठ्यांच्या पेट्या करायला घेतल्या, त्या नावाजल्या गेल्या, आणि पेट्यांमागोमाग त्या पारखणारी माणसं आली.

सुरुवातीच्या काळात पारख सोपी होती. एक यंत्रबोट बटणावर आपटायचं, एक प्रकाशनेत्र पडद्याकडे टक लावून बसायचं आणि दोघांमधलं अंतर घड्याळ सांगायचं. बटण तळाला टेकलं तो क्षण शून्य. हा शून्य आरवाड्यांनीच ठरवला होता आणि देशभर तो मानला जाई.

मग आगाऊ काठ्या आल्या. माणूस बटण दाबायचं ठरवतो तेव्हा आधी हाताच्या स्नायूत विजेची बारीकशी लहर उठते. स्नायू नंतर आवळतो, आणि बोट त्याच्याही नंतर खाली जातं. या काठ्यांच्या मनगट टेकायच्या पट्टीत एक स्नायुवेधक बसवलेला असे. तो ती लहरच टिपायचा आणि बोट तळाला टेकायच्या आत गुद्दा पाठवून मोकळा व्हायचा. प्रकाशनेत्राला गुद्दा आधी दिसे आणि बटण मागून टेके. म्हणजे विलंब शून्याच्याही खाली, वजा. अशा पहिल्या काठीचा आकडा वजा तीस आला तेव्हा केंद्रातली सगळी माणसं खुर्च्यांवरून उठली होती. सहा वर्षांपूर्वीची ती काठी आता दर्शनी दालनात काचेच्या कपाटात होती, आणि तिच्याखाली पितळी पट्टीवर तो आकडा कोरलेला होता.

आगाऊ काठीपुढे यंत्रबोट निरुपयोगी, कारण लोखंडाला स्नायू नसतात. जिवंत हात हवा. पण हात माणसागणिक वेगळा, म्हणून सगळ्या काठ्या एकाच हाताने मोजायच्या आणि येईल त्या आकड्याचा शिक्का काठीवर मारायचा असं ठरलं. केंद्रातल्या प्रत्येकाची चाचणी झाली आणि सर्वांत एकसारखा चालणारा हात निघाला आरवाड्यांचा. त्याला सगळे प्रमाणहस्त म्हणू लागले. त्यांच्या पत्नी म्हणत, की घरात या हाताने आजवर एक खिळा सरळ ठोकलेला नाही. आरवाड्यांना मात्र या पदवीचा मनापासून अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. खेळाडूचा हात तपासणीच्या काठीला लागू द्यायचा नाही, हा केंद्रातला अगदी पहिला नियम होता. ज्याचा फायदा-तोटा आहे त्याचाच हात मापाला कसा चालेल?

निलोफर शिकलगार हा नियम मोडायची विनंती घेऊन आली होती.

ती मिरजेचीच. वडिलांचं कात्री-सुऱ्यांना धार लावायचं दुकान, आणि मुलगी दोनदा राज्यविजेती. आता ती सत्तावीस वर्षांची होती, आणि या खेळात सत्ताविशी म्हणजे वानप्रस्थाश्रमच. गेली दोन वर्षं ती हरत होती. तेही कसं, तर अगदी केसभराने: गुद्दा सुटायचा, पण समोरचा तेवढ्यात सरकलेला असायचा. पुढच्या महिन्यात पुण्याला राष्ट्रीय निवड स्पर्धा होती. तिथेही पहिल्याच फेरीत गारद झाली तर तिला काठी पुरवणारी कंपनी तिचं नाव काढून टाकणार होती, आणि तिच्या खेळाला पूर्णविराम मिळणार होता.

गेल्या वर्षी ती एकदा येऊन गेली होती. काठीत काहीतरी चुकतंय, अशी तिची तक्रार होती. आरवाड्यांनी काठी स्वतः तपासली, निर्दोष ठरवली आणि तिला समोर बसवून जमेल तितक्या प्रेमाने सांगितलं, की हात मंदावला की माणसाला स्वतःला कळत नाही, ते मापालाच कळतं. तिने मान हलवली आणि ती निघून गेली. त्यानंतरचं वर्ष तिला फार वाईट गेलं. हातातून चहाचा कप निसटला तरी तिला वाटायचं, हाच तो हात. वडील दुकानात बोलवायचे. तिथे बसायलाही तिला भीती वाटे, कारण तिथे सुऱ्या होत्या.

आज मात्र ती दोन काठ्या घेऊन आली होती. एक या वर्षीची, आणि एक मैत्रिणीकडून आणलेली चार वर्षांपूर्वीची.

"सर, मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "घरी मी दोन्ही शेजारी ठेवून महिनाभर खेळले. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. तुमच्या शिक्क्यावर नवी कितीतरी पुढं आहे. मग ते पुढं गेलेलं मला कुठंच का सापडंना?"

आरवाड्यांनी तिला समतोल नियम समजावायला सुरुवात केली. ती दोनदा राज्यविजेती आहे आणि हा नियम तिला तोंडपाठ असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा अर्धं सांगून झालं होतं. नियम असा, की नुसत्या काठीच्या जोरावर कुणी जिंकू नये. म्हणून खेळाचा महासंघ सामन्याच्या यंत्रात प्रत्येक काठीला केंद्राच्या आकड्याप्रमाणे लगाम घाले. काठी जितकी पुढे, तितकं तिला जास्त रोखून धरायचं. निलोफरच्या नव्या काठीवर शिक्का होता वजा बावन्न. म्हणजे कपाटातल्या त्या पहिल्या काठीपेक्षा तिला बावीस मिलिसेकंद जास्त थांबावं लागे. काठी खरोखर तेवढी पुढे असेल, तर हिशेब चोख होता.

"आणि नसेल तर?" निलोफरने विचारलं.

प्रश्न साधा होता, पण तो आरवाड्यांना चावला. दुसरा कुणी संचालक असता तर त्याने चहा पाजून तिची बोळवण केली असती. आरवाड्यांचा मोठा दुर्गुण म्हणा की गुण, एखादा आकडा जागचा हलतोय असं वाटलं की त्यांना जेवण गोड लागत नसे. नव्या काठीवाले आणखीही काही खेळाडू अलीकडे घसरले होते, हे त्यांनी ऐकलं होतं. नवी काठी हाताला बसायला वेळ लागतो, असं म्हणून सगळ्यांनी तो विषय संपवला होता. त्यांनीसुद्धा.

त्यांनी हेमा कोऱ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की आजची मोजणी शिक्क्यासाठी नाही, नुसत्या कुतूहलासाठी आहे. तेव्हा नियमाला धक्का लागत नाही. हेमा कोऱ्यांनी भुवया उंचावल्या, कारण नियमाला बगल देताना सरांना त्या प्रथमच पाहत होत्या. त्यांनी मुकाट्याने घड्याळ लावलं.

निलोफरने नव्या काठीवर मनगट टेकलं आणि बटण दाबू लागली. पुष्कळ वेळा दाबून सरासरी काढली. वजा तीस.

"शिक्का बावन्नचा आहे," ती म्हणाली.

"तो माझ्या हाताचा आहे," आरवाडे म्हणाले. त्यांनी समजावलं, की या आकड्यात काठी एकटी नसते, हातही असतो. लहर उठली की काठी लगेच गुद्दा पाठवते. बोट आपल्या चालीने खाली येतं. निलोफरचं बोट चपळ, ते लवकर पोहोचतं, म्हणून काठीला पुढे जायला कमी वाव मिळतो. दुसऱ्याचा आकडा वेगळा येणारच. म्हणून तर सगळ्या काठ्यांना एकच हात लावायचा. तुलना काठ्यांची होते, हातांची नाही.

"मग माझ्याच हातानं दुसरी काठी लावा की. हात एकच राहील."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मैत्रिणीची काठी लावली. तिच्यावर शिक्का होता वजा अडतीस. निलोफरच्या हातात ती वजा तीस निघाली.

आता हेमा कोरेही पुढे सरकून बसल्या. एकाच हातात दोन काठ्या सारख्या, आणि शिक्के वेगळे. आरवाडे उठले, दर्शनी दालनात गेले आणि कपाटाची किल्ली फिरवून सहा वर्षांपूर्वीची ती पहिली काठी काढून घेऊन आले. एकदा शिक्का बसलेली काठी पुन्हा कधी मोजली जात नसे. वायर आणि लाकूड काय, आपोआप थोडंच सुधारणार? पहिल्या काठीवर बोट ठेवायला निलोफर जराशी बिचकली. त्या काठीला ती इतकी वर्षं काचेबाहेरून नमस्कार करत आली होती. तीही वजा तीस निघाली.

"तुमच्या हातात सगळंच तीस येतंय," आरवाडे म्हणाले. त्यांना गंमत वाटू लागली होती. "सरका. मी बसतो."

त्यांनी स्वेटरची बाही वर केली आणि मनगट टेकलं. नवी काठी वजा बावन्न आली, शिक्क्याबरहुकूम. त्यांनी निलोफरकडे पाहिलं. त्यात किंचित विजयही होता. मग त्यांनी कपाटातली काठी पुढे ओढली. तिचा आकडा सगळ्यांना पाठ होता. शाळेच्या सहली यायच्या तेव्हा मुलंसुद्धा तो मोठ्याने वाचायची.

घड्याळाने दाखवलं: वजा बावन्न.

हेमा कोऱ्यांनी काठी उलटी करून पाहिली, जणू कुणी रात्रीतून तिचं पोट बदललं असेल. त्यांना वाटलं घड्याळच बिघडलं. घड्याळ पडताळलं, ते ठीक होतं. पडदा बदलून पाहिला. यंत्रबोट साध्या, जुन्या वळणाच्या काठीवर आपटून पाहिलं. तिचा विलंब पहिल्या दिवशी होता तेवढाच निघाला. मग कृत्रिम लहर थेट तिन्ही काठ्यांच्या स्नायुवेधकांना देऊन पाहिली. तिघींनीही गुद्दा पाठवायला अगदी सारखाच वेळ घेतला. शेवटी हेमा कोऱ्यांनी स्वतःचा हात लावला. तिन्ही काठ्या वजा तेहतीस.

"म्हणजे सहा वर्षांत काठ्या जागच्या हलल्याच नाहीत," हेमा कोरे सावकाश म्हणाल्या. "कंपन्यांनी रंग बदलले, वायरी बदलल्या, आणि आपण दर वर्षी टाळ्या वाजवत गेलो."

आरवाडे खोलीत येरझारा घालत होते. दर आठवड्याला केंद्रात यंत्रबोट तपासलं जाई, घड्याळ तपासलं जाई, प्रकाशनेत्रावरची धूळही कुणीतरी पुसे. या सगळ्याची त्यांना एकेक करून आठवण झाली. ज्याची तपासणी सहा वर्षांपूर्वी एकदाच झाली आणि मग कधीच नाही, अशी या खोलीत एकच वस्तू होती. ते थांबले आणि बोलू लागले; आवाज जड होता, पण तो तर हल्ली नेहमीच जड असे.

"काठी तीच. घड्याळ तेच. पडदा तोच. लहर उठली की काठी पूर्वीइतक्याच वेळात गुद्दा पाठवते. मागे पडतंय ते बोट. बोट जितकं रेंगाळेल, तितकी काठी पुढे गेल्यासारखी दिसणार." त्यांनी आपला उजवा हात वर करून पाहिला. "सगळं वजा केलं, हेमाताई. उरलो मी."

निलोफरच्या मनात आधी आनंदच उसळला: माझा हात मंदावलेला नाही, मी संपलेले नाही. मग समोर उभा असलेला माणूस दिसला आणि तिला त्या आनंदाची लाज वाटली. काय करावं ते न सुचून तिने उठून त्यांना खुर्ची दिली.

आरवाडे बसले. "गेल्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं ते बरोबरच होतं," ते म्हणाले. "फक्त चुकीच्या माणसाला सांगितलं."

मिरजेत डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. दुसऱ्याच दिवशी हेमा कोऱ्यांनी त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी आधी स्वेटरकडे पाहिलं, मग आवाज ऐकला, मग आरवाड्यांना खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्याने आळशी माणसासारखा वेळ घेतला. रक्ताच्या चाचणीची त्यांना फारशी गरज वाटली नाही. केली तेव्हा त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद झाली होती आणि तिच्यामागोमाग सगळे स्नायू. रोज सकाळी एक गोळी घ्यायची, एवढाच उपाय होता. पण आणखी काही वर्षं दुर्लक्ष झालं असतं, तर हृदयावर आलं असतं.

डॉक्टरबाईंना एकाच गोष्टीचं नवल वाटलं. एवढा मंदपणा आला तरी यांना काहीच कसं जाणवलं नाही? आरवाड्यांनी थोडा विचार केला आणि तेही चक्रावले. काठ्यांमधला स्नायुवेधक एव्हाना रोजच्या वस्तूंतही शिरला होता; त्यांच्या स्कूटरचा ब्रेक आगाऊ होता. टंकफलक आगाऊ. घरातल्या दिव्यांची बटणंसुद्धा आगाऊच. बोट रेंगाळलं तरी ब्रेक वेळेवर लागे, अक्षर वेळेवर उमटे, दिवा वेळेवर पेटे. सगळ्या वस्तूंनी मिळून इतक्या मायेने त्यांची उणीव झाकली होती, की ती कुणाला दिसलीच नाही. घरी जाताना रस्त्यावरची माणसं बघून त्यांना पहिल्यांदा प्रश्न पडला, की यांच्यातल्या कितीजणांना आपले हात खरोखर माहीत आहेत.

मग त्यांनी जे केलं ते सोपं नव्हतं. सहा वर्षांतले सगळे शिक्के रद्द केल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, आणि कारणही झाकून ठेवलं नाही: काठ्या पुढे गेल्या नव्हत्या, मापणारा हात मागे पडला होता. कंपन्या खवळल्या. वर्तमानपत्रांनी टवाळी केली. एकाने तर आरवाड्यांचं चित्र छापून खाली 'प्रमाण गोगलगाय' असं लिहिलं. त्यांना ते फार लागलं, आणि दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवा शून्य मांडला. घड्याळ बटणाच्या तळापासून नव्हे, स्नायूतल्या लहरीपासून सुरू करायचं. तिथून मोजलं की हात कुणाचाही असो, आकड्यात हात येत नाही. प्रमाणहस्ताची गरजच संपली. महासंघाने खळखळ करत का होईना, लगाम नव्याने बसवले, आणि या गोंधळात निवड स्पर्धा जूनअखेरीला गेली.

पुण्याच्या त्या स्पर्धेला आरवाडे तपासनीस म्हणून हजर होते. निलोफरने पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली. उपांत्य फेरीत तिचे गुद्दे असे बसत होते, की मागे बसलेले तिचे वडील प्रत्येक गुद्द्याला स्वतःच मान मागे घेत होते. आरवाड्यांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. अंतिम सामन्यात तिच्यासमोर नांदेडची अठरा वर्षांची एक मुलगी होती. लढत शेवटच्या डावाच्या शेवटच्या गुद्द्यापर्यंत गेली. दोघींचे गुद्दे एकदमच सुटले. नांदेडच्या मुलीचा बसला.

हॉलमध्ये एकच कल्लोळ झाला. आरवाडे धडपडत यंत्रापाशी गेले आणि दोन्ही लगाम पुन्हा पडताळले. दोन्ही काठ्या तंतोतंत सारख्या होत्या. कुठेही काही चुकलेलं नव्हतं, आणि म्हणूनच निलोफरसमोर कोणत्या तोंडाने जावं ते त्यांना कळेना. निदान चूक सापडली असती तर बोलायला काहीतरी झालं असतं.

तीच त्यांच्याकडे आली. काठी काखेत, डोळे ओले, आणि चेहऱ्यावर हसू.

"बघितलंत का?"

"बघितलं. आकडे दोनदा तपासले. काही…"

"काही चुकलं नाही, माहीताय मला. मी डावीकडं जायला पाहिजे होतं, उजवीकडं गेले." तिने ओढणीने डोळे पुसले. "दोन वर्षं मी हरायलीय सर, पण कोण हरतंय तेच कळत नव्हतं. आज मी हरले. ही हार माझी आहे. पुढल्या वर्षी तिला बघून घेते."

उपविजेती म्हणून तिची निवड झालीच होती, पण ते तिच्या लक्षातही नव्हतं; ते आरवाड्यांनी सांगितलं तेव्हा ती पुन्हा रडली. मग नाक पुसता पुसता तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हॉलमधला एसी इतका जोरात होता, की प्रेक्षकांनी शाली गुंडाळून घेतल्या होत्या.

"सर, स्वेटर कुठाय?"

"घरी," आरवाडे म्हणाले. "इथं उकडतंय." आणि ते लगेच हसले.